दुसऱ्या मुलाच्या आधी



ज्या मुख्याध्यापिका बाईंच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांच्या नावाला शोभेल असा विषय मला फार शोधावा लागला नाही. मुलांवर होणारे लैंगिक अत्याचार, त्यातही पुन्हा पुन्हा होणारे अत्याचार, आणि ते रोखण्यासाठी फौजदारी कायदा कसा बळकट करायचा, यावर मी आज बोलणार आहे. मी वकील आहे. जिल्हा न्यायालयात अशा खटल्यांत मुलांच्या बाजूने उभा राहत आलो आहे. विषय ऐकायला जड आहे. पण ज्यांना हे भोगावं लागतं त्यांचं वय पाहिलं, की आपण मोठ्यांनी निदान ऐकण्याचा तरी धीर दाखवायला हवा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. सराईत अत्याचाऱ्यासाठी आपल्या कायद्यात फार कडक शिक्षा आहेत, पण त्या लागू होतात गुन्हा कोर्टात सिद्ध झाल्यावर. त्याला दुसरं मूल सापडतं ते मात्र बरंच आधी. पहिल्या मुलाबद्दल कुणाला तरी कुणकुण लागलेली असते आणि निकाल अजून कोसो दूर असतो, त्या मधल्या काळात. त्याच काळात आपला कायदा सर्वांत दुबळा आहे. बळकटी आणायची ती तिथे.

हे पटवून देण्यासाठी तुम्हाला आधी गोव्यात नेतो. १९९१ साली मडगावमध्ये फ्रेडी पीट्स नावाच्या माणसाला अटक झाली. तो मुलांसाठी अनाथाश्रम चालवत होता. पोलिसांना त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून जास्त अश्लील छायाचित्रं सापडली. स्वतः अत्याचार करून तो थांबला नव्हता. परदेशी पर्यटकांनाही तो ही मुलं पुरवत होता. गावात त्याला समाजसेवक म्हणून मान होता आणि त्या मानाच्या आड हे सगळं वर्षानुवर्षं चालू होतं. शीला बारसे यांच्यासारख्या कार्यकर्तीने चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००५ मध्ये तो तुरुंगातच मेला. या प्रकरणाने गोवा हादरला. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली. केंद्राचा कायदा यायला त्यानंतर नऊ वर्षं लागली.

दुसरं प्रकरण मुंबईचं. १९९५ पासून कुलाबा परिसरात रस्त्यावरच्या मुलांसाठी अँकरेज नावाची निवारागृहं चालत होती. चालवणारे ब्रिटिश होते. २००१ मध्ये तिथल्या मुलांवरच्या अत्याचारांना वाचा फुटली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रारीपासून शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षं गेली. ज्या मुलांनी साक्षी दिल्या, ती तोवर मिसरूड फुटून मोठी झाली होती.

या दोन प्रकरणांत एक साम्य आहे. दोन्हीकडे मुलांचा सांभाळ करणाराच त्यांच्यावर अत्याचार करत होता, म्हणजे कुंपणच शेत खात होतं. एक मूल, मग दुसरं, मग तिसरं, असा तो सिलसिला होता. असा माणूस जिथे मुलं असतील, जिथे त्याच्या शब्दाला वजन असेल आणि जिथे मुलांच्या शब्दाला कुणी किंमत देत नसेल, अशीच जागा निवडतो. म्हणून त्याला रोखायचं तर त्याच्याइतकंच त्या जागेकडे कायद्याने पाहायला हवं.

आता आज कायदा कुठे आहे ते पाहू. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या त्रेपन्न टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. बहुतेकांनी तोवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं. या पार्श्वभूमीवर १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा लागू झाला. आपण सगळे त्याला पोक्सो म्हणतो.

हा कायदा चांगला आहे, हे मी रोज तो हाताळणारा माणूस म्हणून सांगतो. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात न येता घ्यायचा असतो. कोर्टात मुलाला आरोपीसमोर उभं करायचं नसतं. उलटतपासणीतले प्रश्न वकिलाने थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात.

वारंवार होणाऱ्या अत्याचाराचीही या कायद्याने दखल घेतली आहे. एकाच मुलावर एकाहून अधिक वेळा अत्याचार झाला, तर पाचव्या कलमाखाली तो गुन्हा अधिक गंभीर ठरतो. आधी अशाच गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने पुन्हा गुन्हा केला, तरी तेच कलम लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने या गंभीर गुन्ह्याची किमान शिक्षा दहा वर्षांवरून वीस वर्षांवर नेली आणि कमाल शिक्षा म्हणून फाशी घातली. भारतीय न्याय संहितेच्या ७१ व्या कलमातही बलात्काराच्या दुसऱ्या दोषसिद्धीसाठी मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी आहे.

मग अडतं कुठे? अत्याचाराचा पहिला सुगावा लागल्यापासून शिक्षेपर्यंत मूल ज्या वाटेने जातं, त्या वाटेवरचे अडथळे एकेक करून पाहू.

पहिला अडथळा संस्थेच्या मौनाचा. पोक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे, मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, आजी-आजोबा, कुणालाही यातून सूट नाही. न कळवल्यास शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला, तर एक वर्षापर्यंत. म्हणजे एका बाजूला वीस वर्षं आणि फाशी, आणि दुसऱ्या बाजूला तो गुन्हा वर्षानुवर्षं चालू ठेवायला मदत करणाऱ्या मौनाला फार तर एक वर्ष.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका वसतिगृहाचं प्रकरण आठवा. २०१९ मध्ये तिथे राहणाऱ्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार उघड झाले. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरला हे ठाऊक होतं आणि तरी त्याने पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला आणि बजावलं की माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच तो प्रयत्न ठरतो. डॉक्टर, अधीक्षक, स्वयंपाकीण, शिपाई यांच्यापैकी एकाने जरी पहिल्याच मुलीनंतर पोलीस ठाण्यात फोन केला असता, तर पुढच्या मुली वाचल्या असत्या. वसतिगृहातल्या मुलींना तर आई-बाप आठवड्याने, महिन्याने भेटतात. त्यांच्यासाठी ही माणसंच आई-बापाच्या जागी असतात.

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाले. पालक तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलं गेलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा कुठे यंत्रणा हलली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पोलिसांना आणि शाळेला खडे बोल सुनावले. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. त्या दिवशी पेढे वाटले गेले. मला मात्र त्या दिवशी काळजी वाटली. आरोपीवर खटलाच चालला नाही. कुणाला काय माहीत होतं, कुणी काय लपवलं, हे त्या खटल्यातून बाहेर आलं असतं. आरोपीबरोबर तेही गेलं.

म्हणून माझी पहिली सूचना अशी. न कळवणं आणि संरक्षण न करणं हे दोन वेगळे गुन्हे मानावेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१५ मध्ये असा स्वतंत्र गुन्हा लागू केला आहे. संस्थेत अधिकाराच्या जागेवर असलेल्या माणसाला धोका दिसत होता, तो टाळणं त्याच्या हातात होतं, तरी त्याने हलगर्जीपणा केला, तर त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्याकडेही हे हवं. विशेषतः पहिली तक्रार दाबल्यानंतर त्याच माणसाने दुसऱ्या मुलावर अत्याचार केला, तर तक्रार दाबणाऱ्यावर त्या दुसऱ्या गुन्ह्याचीही जबाबदारी यावी. "संस्थेचं नाव खराब होईल" ही सबब मग कोणत्याही विश्वस्ताला परवडणार नाही.

त्याचबरोबर एक उलटी चूकही दुरुस्त करायला हवी. बालगृहातल्या, वसतिगृहातल्या मुलांना मारहाण, उपासमार, छळ झाला तर तो बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली येतो. संस्थेच्या माणसाने तो केला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र करून टाकले. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. बालगृहातल्या मुलाने तो आदेश आणायचा कुठून? दिल्लीच्या बाल हक्क आयोगाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मारहाण आणि लैंगिक अत्याचार एकाच छपराखाली नांदतात, हे संस्थांमध्ये काम करणारा कुणीही सांगेल. ज्या मुलाला उपाशी ठेवता येतं, त्याला गप्पही ठेवता येतं. हे गुन्हे पुन्हा दखलपात्र झालेच पाहिजेत.

दुसरा अडथळा नोकरीचा. २०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी अशा प्रत्येक संस्थेने आपल्या कायम आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आहे. नियम उत्तम आहे. पण पडताळणीत दिसतं काय? नोंदलेला गुन्हा. जिथे पहिल्या संस्थेने बभ्रा नको म्हणून राजीनामा घेतला आणि वर "वर्तणूक चांगली" असा दाखला देऊन त्या माणसाची पाठवणी केली, तिथे पोलिसांकडे काहीच नसतं. तो माणूस पुढच्या तालुक्यात कोरी पाटी घेऊन रुजू होतो. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची सुरू केली, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते.

इंग्लंड हा धडा मोठी किंमत देऊन शिकलं. २००२ मध्ये सोहम या गावात दोन शाळकरी मुलींचा खून झाला. खुनी शाळेचा केअरटेकर होता. दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध आधी अनेक तक्रारी आल्या होत्या, पण शिक्षा एकाही प्रकरणात झाली नव्हती, आणि ती माहिती त्याला नोकरीवर घेणाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाही. चौकशी झाली, आणि पुढे तिथे मुलांसोबत काम करण्यास मनाई असलेल्यांची यादी ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. तिच्यातला कळीचा नियम असा, की मुलांना इजा केल्यामुळे कुणाला काढून टाकलं, किंवा काढलं जाण्याआधीच त्याने राजीनामा दिला, तरी संस्थेने ते कळवणं बंधनकारक आहे. आपल्याला नेमका हाच नियम हवा आहे.

गुन्हेगारांची नावं चव्हाट्यावर टांगावीत, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर आधी त्यांच्या घरातल्या पीडित मुलाचीच ओळख उघडी पडते. पण मुलांशी संबंधित कामावर माणूस घेताना त्या यादीत त्याचं नाव आहे की नाही, एवढं "होय" किंवा "नाही" उत्तर संस्थेला पोलिसांकडून मिळालं पाहिजे. ज्याचं नाव यादीत जाईल त्याला बाजू मांडण्याची आणि अपील करण्याची संधी हवी. ज्याला पोक्सोखाली शिक्षा झाली, त्याला मुलांसोबतच्या कामावर आजन्म बंदी हवी, आणि ही बंदी निकालपत्रातच लिहिली जावी.

तिसरा अडथळा घराचा, आणि सर्वांत अवघड. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षामागून वर्षं हेच सांगते, की लहान मुलींवरच्या बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, काका, मामा, आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण बापही. घरातला अत्याचार एकदा होऊन थांबत नाही. आरोपी आणि मूल एकाच भिंतींच्या आत, एकाच ताटावर. आईला कळतं तेव्हा तिच्यापुढे उभा राहतो तो चुलीचा प्रश्न. भाडं कोण भरणार, धाकट्याची फी कोण देणार, माहेरी जागा आहे का? मग सासू म्हणते, घरातली गोष्ट घरातच मिटवू. आणि मूल पुन्हा त्याच खोलीत झोपतं.

तक्रार झालीच तर पुढे काय होतं? मुलाला संरक्षणाची गरज आहे म्हणून त्याला बालगृहात पाठवलं जातं. शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात, अंगण सुटतं. आरोपी जामिनावर त्याच घरी परततो. शिक्षा झाल्यासारखी वाटते ती मुलाला. काही महिन्यांत मूल म्हणतं, मला घरी जायचंय, आणि कोर्टात जबाब फिरवतं. आपण त्याला फितूर साक्षीदार म्हणतो. मुळात आधी त्या मुलाला सोडलं ते आपण.

माझी सूचना सरळ आहे. घर आरोपीने सोडायचं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात प्रतिवादीला राहत्या घरातून बाहेर काढण्याचा आदेश देण्याची तरतूद आहे. तोच अधिकार पोक्सोच्या विशेष न्यायालयाला पहिल्या दिवसापासून असावा, आणि आरोपी त्याच घरात राहणारा असेल तर जामीन देताना हा आदेश न्यायाधीशांनी द्यायलाच हवा. त्यासोबत आईच्या हातात पैसा हवा. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, पोक्सोमध्येही अंतरिम भरपाईची तरतूद आहे. ती रक्कम प्रस्तावाच्या फायलींत महिनोन् महिने अडकून राहिली तर तिचा उपयोग काय? पहिल्या महिन्यात मिळालेल्या भरपाईने एक साक्ष टिकते. निकालानंतर मिळालेल्या भरपाईने ती टिकत नाही.

चौथा अडथळा कोर्टातला आहे, आणि तो जवळून दाखवतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा जबाब चालू आहे असं समजा. अत्याचार दोन-अडीच वर्षं चालला आहे. जबाब घेणारे विचारतात, "कधी झालं? तारीख सांग." ती सांगते, "गणपती बसले होते तेव्हा. मग दादाची दहावीची परीक्षा होती तेव्हा. मग खूपदा." जबाब लिहिणारा "गणपती" शेजारी एक अंदाजे तारीख टाकतो. "खूपदा" हा शब्द कागदावर येतच नाही, कारण त्याला तारीख नाही. दोषारोपपत्रात दोन प्रसंग राहतात. दोन वर्षांनी उलटतपासणीत बचावाचे वकील कॅलेंडर काढून दाखवतात, की त्या तारखेला आरोपी गावाला होता. आणि अडीच वर्षांचा छळ एका चुकीच्या तारखेवर संशयास्पद ठरतो. ज्या मुलावर जास्त वेळा अत्याचार झाला, त्याच्या आठवणीत प्रसंग एकमेकांत जास्त मिसळलेले असतात. म्हणजे ज्याने जास्त सोसलं, त्याचीच साक्ष कच्ची ठरते.

हा पेच आपल्यापुरता नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात १९८९ मध्ये असंच प्रकरण आलं. मुलीने वारंवार झालेल्या अत्याचाराबद्दल सांगितलं, पण कोणता आरोप कोणत्या प्रसंगाचा हे नेमकं ठरेना, म्हणून बापाची शिक्षा रद्द झाली. त्यानंतर तिथल्या राज्यांनी दीर्घकाळ चाललेल्या अत्याचाराचा वेगळा गुन्हा निर्माण केला. २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने तो अधिक नेमका करण्याची शिफारस केली. प्रत्येक प्रसंगाची तारीख सिद्ध करण्याऐवजी अमुक काळात असे अत्याचार एकाहून अधिक वेळा झाले, हे सिद्ध करणं पुरेसं मानावं, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे पोक्सोचं पाचवं कलम वारंवार झालेल्या अत्याचाराची दखल घेतं, पण आरोप कसा ठेवायचा याची रीत जुन्याच प्रक्रियेतून येते. फौजदारी प्रक्रिया संहितेत एका वर्षातले एकाच प्रकारचे तीनच गुन्हे एका खटल्यात घेण्याची मुभा होती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने ते पाच केले. वर्षानुवर्षं रोज सोसणाऱ्या मुलापुढे तीन काय आणि पाच काय! संसदेने पोक्सोत स्पष्ट तरतूद करावी, की सातत्याने चाललेला अत्याचार हा एकच अखंड गुन्हा मानला जाईल, आरोपात काळाची मर्यादा लिहिणं पुरेसं असेल, आणि मुलाने सण, परीक्षा, पाऊस यांच्या खुणेने सांगितलेला काळ ग्राह्य धरला जाईल. कायदा बदलेपर्यंत निदान एक तरी व्हावं. जबाब घेताना "खूपदा" हा शब्द जसाच्या तसा लिहिला जावा.

पाचवा अडथळा वेळेचा. पोक्सोच्या ३५ व्या कलमाप्रमाणे मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात संपायला हवा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विशेष न्यायालयं वाढली. तरी तारखा पडत राहतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येत नाही, तपास अधिकाऱ्याची बदली होते, सरकारी वकिलाकडे एकाच दिवशी बोर्डावर ढीगभर प्रकरणं असतात. मुलासोबत सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहणारी सहायक व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती नीट अमलात आणायला सांगितलं. पण कित्येक कुटुंबांना असं माणूस मिळू शकतं हेच ठाऊक नसतं. मुलाची साक्ष तीस दिवसांत झाली नाही, तर न्यायाधीशांनी कारण लिहायचं, हे त्याच कलमात आहे. ते कारण उच्च न्यायालयाला कळवावं, एवढं तरी बंधन घाला. साक्ष लवकर झाली की आरोपीला मुलावर दबाव आणायला वेळ कमी मिळतो. आणि मूल विसरायला मोकळं होतं.

आता फाशीबद्दल. बदलापूरच्या रुळांवर "फाशी द्या" अशा घोषणा होत्या. त्यामागचा संताप मला समजतो. पण जे पाहिलं ते सांगणं माझं कर्तव्य आहे. आरोपी घरातला असेल तर फाशीच्या भीतीने आई तक्रार करत नाही, आजी मुलाला गप्प करते, मूल स्वतःला अपराधी समजतं. ज्या गुन्ह्याला मरणाची शिक्षा आहे, त्यात साक्षीदार जिवंत ठेवायचा की नाही, असा विचार गुन्हेगाराच्या मनात येण्याची भीतीही आहे. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही, ती विचारपूर्वक. अत्याचार करणाऱ्याला धाक वाटतो तो आपण पकडले जाऊ याचा. आज त्याला ठाऊक असतं की मूल बोलणार नाही, बोललं तर कुणी ऐकणार नाही, ऐकलं तर संस्था दाबून टाकेल. हा त्याचा हिशोब मोडणं, हीच कायद्याची खरी कडक शिक्षा.

आणि एक सावधगिरी. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा पळून गेले, मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली, की याच पाचव्या कलमातलं वारंवार अत्याचाराचं पोटकलम त्या मुलाला लागतं आणि किमान वीस वर्षांची शिक्षा समोर उभी राहते. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात संमतीचं वय कमी करू नये असं सांगितलं, पण अशा प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेत मोकळीक असावी, असंही सुचवलं. मला ते पटतं. ज्या कलमाने सांभाळ करणाऱ्या भक्षकाला पकडायचं, ते कलम अशा पोरांवर खर्ची पडलं, तर कलमाचा धाक जातो आणि कोर्टाचा वेळही जातो. अधिकार, वय आणि अवलंबित्व यांचा गैरफायदा हाच वारंवार अत्याचाराचा गाभा आहे. कायद्याने तो तसाच लिहावा.

मित्रहो, यातलं बरंच संसदेच्या हातात आहे. पण काही तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी कायद्यात बदल होण्याची वाट पाहायची गरज नाही. या सभागृहात शाळांचे विश्वस्त आहेत, मुख्याध्यापक आहेत, पालक-शिक्षक संघाचे सदस्य आहेत, वसतिगृहं चालवणारे आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर चार विषय घ्या. आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटदाराने पाठवलेल्या माणसांसकट, पोलीस पडताळणी झाली आहे का? मुलाने काही सांगितलं तर कुणी, किती तासांत, कोणत्या पोलीस ठाण्याला आणि १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला कळवायचं, हे लिहून भिंतीवर लावलं आहे का? कुणाचा राजीनामा मुलाच्या तक्रारीमुळे घेतला असेल, तर ते पोलिसांना कळवलं आहे का? आणि त्या माणसाला आपण वर्तणुकीचा दाखला दिला आहे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "होय" असेल, तर तो दाखला आज दुसऱ्या एखाद्या शाळेत जमा झालेला असेल. ती शाळा शोधा आणि तिथे कळवा. तिथलं मूल तुमच्या पटावर नाही, म्हणून तुमची जबाबदारी कमी होत नाही.